पेटीवाला, पुढारी आणि पान तीनशे सात

सुहास,

गेल्या आठवड्यात मी आपला नियम मोडला. तुझं पुस्तक वाचलं.

रागावण्याआधी ऐकून घे. पुस्तक मी मागितलं नव्हतं. तुझा तेरावा झाला, त्यानंतरच्या शनिवारी तुमच्याकडे गेलो, तेव्हा मेधा तुझं कपाट आवरत होती. तिने एका हिरव्या शॉपिंग बॅगेत तुझी भजनांची वही, तो भोकं पडलेला मफलर आणि पुस्तक घातलं आणि बॅग माझ्यापुढे धरली. "मंडळाच्या अंकाचा लेख पुरा करायचाय ना तुला? मग हे लागेल," म्हणाली. सोफ्यावर इरा फोनमध्ये डोकं घालून बसली होती. तिने मान वर केली. "काका, डॅड सेड यू आर नॉट अलाउड टू रीड दॅट वन."

"आता चालेल गं," मेधा म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली. बराच वेळ चहा काही आला नाही. मग मीच जाऊन गॅस बारीक केला.

तुला माहीत नसेल म्हणून सांगतो. त्या रविवारी सकाळी तू लॉन कापायला घेतलंस आणि मध्येच खाली बसलास तो परत उठलाच नाहीस, तर उरलेलं अर्धं लॉन शेजारच्या सरदारजींनी दोन दिवसांनी येऊन कापून टाकलं. कुणाला विचारलं नाही की सांगितलं नाही. कडेचं गवतसुद्धा नीट केलं, जे तू सात वर्षांत एकदाही केलं नव्हतंस. मेधाने खिडकीतून बघितलं आणि मला फोनवर म्हणाली, "सुहासपेक्षा छान कापलंय रे." आणि मग रडली. फ्युनरलच्या दिवशीसुद्धा ती इतकी रडली नव्हती.

आपलं सगळं सुरू झालं वेरिबीच्या त्या ऑप शॉपमध्ये, म्हणजे लोकांनी दान केलेल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात. गणपतीसाठी जुन्या घडीच्या खुर्च्या मिळतात का बघायला गेलो होतो आपण. खुर्च्या राहिल्या बाजूला, तू रबर बँडने एकत्र बांधलेली दोन जाड पुस्तकं उचललीस. दोन इंग्रज माणसांची चरित्रं. एक संगीतकार, एक राजकारणी. जन्म एकाच सालचा, गावंही शेजारशेजारची, दोन्हीकडे कापडाच्या गिरण्या. काउंटरवरच्या म्हाताऱ्या बाईंनी बजावलं की कुणीतरी जोडीने दिलीत, जोडीनेच न्या. "घेऊन टाक, वाटून वाचू," तू म्हणालास. तू पेटी वाजवतोस म्हणून संगीतकार तुझा. मला भांडायला आवडतं म्हणून राजकारणी माझा. वाटणी तूच केलीस आणि मला विचारलंही नाहीस.

आणि मग नियम काढलास. कुणी दुसऱ्याचं पुस्तक उघडायचं नाही. तुझा माणूस मला कळणार तो तुझ्या तोंडून, माझा तुला माझ्या तोंडून. शंका आली तर फक्त पान नंबर विचारायचा, समोरच्याने तो सांगायचा, पण पुस्तक बघायला मागायचं नाही. मी म्हटलं, हा काय पोरखेळ आहे. तू म्हणालास, "अरे, कीर्तन ऐकताना पोथी उघडून बसतोस का तू?"

सकाळी ऑफिसला जाताना गाडीत टार्निट स्टेशन ते सनशाइन तुझी पाळी, सनशाइन ते शहरातलं सदर्न क्रॉस माझी. तुझा वाटा मोठा होता, हे मी पहिल्या आठवड्यातच दाखवून दिलं होतं. डिअर पार्कपर्यंत नुसती मोकळी कुरणं, गाडी मध्ये कुठे थांबतसुद्धा नाही. तू म्हणायचास, संगीताला आलाप लागतो, राजकारणाला काय, घोषणा दिली की झालं. तुझी नोकरी शहरातल्या उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्तीसाठी कधी बंद ठेवायच्या ते ठरवण्याची. दिवसभर लोकांच्या शिव्या खायच्या म्हणून सकाळी तू असा लाडात असायचास. मी आयटीतला, माझ्या शिव्या मेलवर यायच्या.

इंग्रजांची नावं मोठ्याने घेतली की डब्यातले लोक वळून बघायचे. म्हणून आपण बारशी केली. तुझा चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा, म्हणजे मोठी पेटीच, तो झाला पेटीवाला. माझा तो पुढारी. अडीच वर्षं आपण त्या दोघांना जगवलं. त्यांच्या गावातसुद्धा आता त्यांना कुणी विचारत नसेल, पण टार्निटच्या गाडीत रोज सकाळी त्यांची हजेरी लागायची. पेटीवाला चांभाराचा मुलगा, जन्मभर शाळेत गाणं शिकवत राहिला आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःचं संगीत लिहीत राहिला. पुढारी गिरणीतल्या कारकुनाचा मुलगा, पार मंत्री झाला आणि गिरणीत राबणाऱ्या मुलांसाठी शाळांचा कायदा आणला. तू म्हणायचास, कायदे बदलतात, सूर राहतात. मी म्हणायचो, त्या पोरांना शाळा मिळाली नसती तर तुझ्या पेटीवाल्याने शिकवलं कुणाला असतं? यावर तू म्हणायचास, "मुद्दा चांगला आहे. पुढच्या स्टेशनला उतर."

एकच संध्याकाळ दोन्ही पुस्तकांत निघाली तेव्हा काय हसलो होतो. पेटीवाल्याची पहिली मोठी मैफल, आणि पुढारी प्रमुख पाहुणा. माझ्या पुस्तकात लिहिलं होतं की त्याला संगीताची विलक्षण ओढ होती आणि कामाच्या धबडग्यातूनही तो त्या मैफलीला आवर्जून गेला. मी ते मोठ्या थाटात वाचून दाखवलं. तू शांतपणे म्हणालास, "माझ्याकडे असं आहे की मध्यंतरानंतर पहिल्या रांगेतली एक खुर्ची रिकामी होती." पुढे कित्येक दिवस मंडळाच्या कार्यक्रमातून कुणी लवकर सटकला की आपण एकमेकांकडे बघून म्हणायचो, ओढ विलक्षण आहे हं.

आता कबूल करायला हरकत नाही. मी माझ्या पुढाऱ्याला थोडं मीठमसाला लावत होतो. त्याची दोन-तीन उत्तरं मुळात इतकी खमंग नव्हती. तुला संशय यायचा, तू डोळे बारीक करून "पान?" विचारायचास आणि मी ठोकून द्यायचो. तू मात्र कधी फेकत नाहीस, अशी माझी पक्की समजूत होती.

पुढाऱ्याच्या आईची गोष्ट मी अगदी अभिमानाने सांगितली होती, आठवतंय? शाळांच्या कायद्यावर मतदान, आणि त्याच दिवशी गावाकडून तार, की आईचं काही खरं नाही. हा गेला नाही. सभागृहात बसून राहिला, मत दिलं, आणि संध्याकाळी आई गेली. मी म्हटलं, याला म्हणतात कर्तव्य. तू खिडकीबाहेर बघत विचारलंस,

"बिल किती मतांनी पास झालं?"

"चांगलं पन्नास मतांनी."

"मग त्याचं एक मत नसतं तरी झालंच असतं की," तू म्हणालास. मी विषय बदलला.

त्यानंतर महिन्याभराने, जूनच्या थंडीत, माझ्या आईचं झालं. धायरीहून ताईचा फोन आला की आई हॉस्पिटलमध्ये आहे, डॉक्टर म्हणतात काही सांगता येत नाही. माझ्या प्रोजेक्टचं गो-लाइव्ह, म्हणजे प्रत्यक्ष चालू होणं, दोन आठवड्यांवर आलं होतं. सकाळी गाडीत तुला सांगितलं, "गो-लाइव्ह झालं की लगेच निघतो. तोपर्यंत ती बरी पण होईल, शी इज अ फायटर." तुझी पाळी असून डिअर पार्क येईपर्यंत पेटीवाल्याचं नावसुद्धा काढलं नाहीस. सनशाइन गेलं. आता माझी पाळी, म्हणून मी तोंड उघडलं, तर तू माझ्या दंडावर हात ठेवलास.

"आज तुझी पाळी मला दे."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा तू असं मागितलंस. आणि मग सांगितलंस. पेटीवाल्याची लंडनमधली सगळ्यात मोठी मैफल, उद्यावर आलेली. रंगीत तालीम चालू, साठ वादक समोर, आणि तार येते, आई शेवटच्या घटका मोजतेय. याने वादकांना ताल द्यायची छडी खाली ठेवली, हाताखालच्या पोराला म्हणाला, तू बघ, आणि तसाच स्टेशनवर गेला. गाडीतून उतरून दोन मैल चिखलातून चालला, पायात मैफलीचे बूट. आई जागी होती. त्याला बघून म्हणाली, "आलास? जेवलास का?"

"पान?" मी विचारलं. सवयीने.

"तीनशे सात," तू म्हणालास. डोळ्यांची पापणीही हलली नाही तुझी.

कुठली शंभर वर्षांपूर्वीची इंग्रज बाई मरताना लेकाला "जेवलास का" विचारेल? मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मला त्या वेळी इंग्रज बाई दिसतच नव्हती. पुढचं फुटस्क्रे स्टेशन यायच्या आत मी फोनवर तिकीट काढलं. पासपोर्टचा नंबर दोनदा चुकला. तू माझी कॉफी धरून उभा होतास.

मी पोचलो तेव्हा आई शुद्धीवर होती. ताईने तिला उशी लावून बसवलं. मला बघून म्हणाली, "विमानात काही खाल्लंस का रे?" मला अकरा दिवस मिळाले. तिने मला शेजारपाजारच्या सगळ्या बातम्या दिल्या, माझ्या जुन्या चुका नव्याने मोजून दाखवल्या, एकदा माझ्या हातचा मऊ भात खाल्ला आणि मीठ कमी आहे म्हणाली. बाराव्या दिवशी सकाळी गेली. माझा हात तिच्या कपाळावर होता. इकडे गो-लाइव्ह माझ्याशिवाय झालं. पन्नास मतांनी झालं म्हण.

परत आल्यावर तुमच्याकडे पोहे खाताना मी सगळ्यांना ऐकवलं की मला आतून वाटलं, आता निघायलाच हवं. आतून! तू लिंबू चिरत होतास. तू नुसता म्हणालास, "हो, असं वाटतं कधी कधी."

आणि आता ते, जे तुझ्याशी बोलायचं राहिलं.

गेल्या वर्षी मंडळाच्या दिवाळी अंकात आपण दोघांनी मिळून लेख द्यायचा ठरला. दोन माणसं, दोन आयुष्यं, आणि शेवटी निकाल, कोण मोठा. माझा भाग मी लिहिला, तुझा तू लिहीत होतास. मी म्हटलं, पेटीवाल्याच्या आईचा प्रसंग शेवटी टाकू. समोर पुढारी, जो गेला नाही. तिथे तुझा माणूस सरळ जिंकतो, मी हरायला तयार आहे. तू म्हणालास, नको. मी विचारलं का. तू म्हणालास, ते छापायचं नाही. मी पुन्हा विचारलं. मला खोदून विचारायची खोड आहे, तुला माहीत आहे. टार्निटच्या प्लॅटफॉर्मवर उभे होतो, गाडी चार मिनिटांवर होती. तू म्हणालास, "मुकुंदा, सोड ना. खासगी गोष्ट आहे ती."

"खासगी कुणाची? त्याची की तुझी?" मी म्हणालो. "तो गेला आणि तू नाही गेलास, हे टोचतं तुला. सरळ सांग ना."

तुझे बाबा गेले तेव्हा साथीमुळे इथल्या सीमा बंद होत्या. बाहेर पडायला परवानगी लागायची, आणि गेलो तर परत कधी यायला मिळेल ते कुणी सांगत नव्हतं. इरा तेव्हा जेमतेम शाळेत जायला लागली होती. तू अर्ज भरलास आणि पाठवला नाहीस. गॅरेजमध्ये गाडीच्या बॉनेटवर फोन टेकवून तू सगळे विधी बघितलेस, अंगावर सोवळं आणि पायात मोजे. हे मला माहीत होतं. मेधाशिवाय मला एकट्यालाच माहीत होतं. आणि मी तेच उचलून तुझ्या तोंडावर मारलं.

गाडी आली, तू दुसऱ्या डब्यात चढलास. तीन दिवस दिसला नाहीस. चौथ्या दिवशी थर्मास घेऊन आलास, झाकणात मला चहा ओतलास आणि म्हणालास, "काय रे, पुढाऱ्याच्या निवडणुकीचं काय झालं मग?" मला केवढं हायसं वाटलं. माफी मागायची वेळच आली नाही, असं वाटलं. आपल्यात काय माफी मागायची, असंही मनाला सांगितलं. लेख मात्र त्या वर्षी राहून गेला.

त्या दुपारी मी तीनशे सात पान काढलं. आधी हजार तुकड्यांचं जिगसॉ कोडं लावावं तसं सगळं पुस्तक नीट क्रमाने वाचणार होतो, पण धीर धरवला नाही. पान तेच होतं. तू पान बरोबर सांगितलं होतंस. तालीम होती, तार होती. पेटीवाल्याने ती वाचली, घडी करून खिशात टाकली आणि छडी पुन्हा उचलली. मैफल गाजली. तो गावी पोचला तेव्हा आईला माती देऊन दोन दिवस झाले होते. पुढे लिहिलंय की त्या मैफलीत वाजवलेली रचना त्याने नंतर कधी स्वतः वाजवली नाही आणि इतर कुणी वाजवली तर तो उठून बाहेर जायचा.

समासात तुझ्या पेन्सिलीचं बारीक अक्षर होतं. "मुकुंदाला असं नाही सांगायचं."

मी तिथेच बसून राहिलो. बायकोने दोनदा जेवायला हाक मारली. दुसऱ्यांदा आली, तेव्हा मी तिला नुसतं पान दाखवलं. तिने वाचलं आणि माझ्या शेजारी बसली. जेवण गार झालं.

म्हणजे प्लॅटफॉर्मवर तुला एका वाक्यात सुटका होती. "अरे, पेटीवालाही गेला नव्हता, मी थाप मारली होती" एवढं म्हणाला असतास तर माझं तोंड बंद झालं असतं. पण मग माझे अकरा दिवस थापेवर मिळालेले ठरले असते, म्हणून तू शिवी खाऊन गप्प बसलास. मला तुझा भयंकर राग आला, सुहास. तू मला माफी मागायला जागाच ठेवली नाहीस. आधी भांडलो असतो, मग मागितली असती. आता इथे मागतो. त्या दिवशी मी जे बोललो ते चुकलं. तू गेला नाहीस हे तुला किती जड होतं, ते तुझ्या त्या गोष्टीतल्या चिखलाच्या बुटांवरून मला आता कळतंय. ते दोन मैल तू मनात किती वेळा चालला असशील.

लिंबू चिरत होतास तेव्हा हसू आलं होतं का रे तुला? मला ते फार जाणून घ्यायचं आहे.

इराला मी सगळं सांगितलं. बाराव्या वर्षी कळतं तेवढं कळलं तिला. तिने समासातलं अक्षर बोटाने वाचलं, मराठी अजून अडखळत वाचते, आणि म्हणाली, "सो डॅड लाइड?"

"हो."

"बट लाइक, अ गुड वन?"

"फार चांगली," मी म्हणालो. तिने पुस्तक माझ्याकडे परत दिलं. म्हणाली, यू कीप इट, काका. पुढाऱ्याचं पुस्तक मी तिला दिलंय. वाचणार नाही म्हणाली, पण उशाशी ठेवलंय असं मेधा सांगत होती. गाडीत मी आता एकटाच असतो. सनशाइनपर्यंत काही सुचत नाही, तुझी पाळी असते ना.

अंकाच्या संपादकांचा परवा मेल आला की लेख कधी देताय. लेख होणार नाही, सुहास. त्याऐवजी हेच पाठवतोय. तुला छापायचं नव्हतं ते छापतोय, म्हणजे नियम दुसऱ्यांदा मोडतोय, पण तुझं ऐकत बसलो तर तुझी बाजू कुणाला कळणारच नाही.

राहता राहिला निकाल. तुझं पुस्तकही मी नंतर पहिल्या पानापासून वाचून काढलं. दोन्ही पुस्तकं वाचलेला आता मी एकटाच आहे, तेव्हा देऊन टाकतो. कायदा मोठा की सूर, ते मला अजून ठरवता येत नाही. दोघंही मोठी माणसं होती आणि दोघांच्याही आया वाट बघत गेल्या. माझी आई वाट बघत गेली नाही. हे कुठल्या पानावर आहे ते विचारू नकोस.

तुझा,
मुकुंद